केअरटेकर पाठवणाऱ्या ब्यूरोला नोंदणी हवी की नको?

गिरणाकाठ: काल इथे एक पोस्ट फिरली. "घरी येणाऱ्या मावशीला परवाना मागाल तर मावशीच येणार नाही, दिव्यांग मुलं पुन्हा खोलीत कोंडली जातील." खाली नुसती वाहवा. राहवलं नाही म्हणून लिहितो.

बौद्धिक दिव्यांग पोरगं 18 चं झालं की सख्ख्या आईबापालासुद्धा 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. सहा महिन्यांत पोराच्या मालमत्तेची यादी, पुढे दरसाल हिशेब. खाजगी निवासी संस्था काढायची तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 50 आडवं येतं, नोंदणीशिवाय दार उघडता येत नाही. आणि त्याच पोराला बारा तास अंघोळ, औषध, जेवण करणारं माणूस पाठवणारा ब्यूरो? ठरावीक आकड्याच्या आत कामगार दाखवले की दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना दिली, संपलं. त्या कागदावर पोराबद्दल एक अक्षर नसतं.

म्हणून ब्यूरोला नोंदणी हवीच, आणि त्याने माणूस पाठवण्याआधी घरी येऊन एक पान भरावं. मिरगीचा झटका कसा येतो, किती वेळ टिकतो, काय गिळता येतं, उचलताना कुठे धरायचं, कशाने चिडतो. तेच पान बदली माणसाच्या हातात जावं. घोळ होतात ते रोजची बाई सुट्टीवर गेली त्या दिवशी, कारण सगळं तिच्या डोक्यातच राहिलेलं असतं.

सातपुड्याची लेक: भाऊ, तुमचा ब्यूरो जळगावात, फार तर धुळ्यात. नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर शेजारची बाई येऊन बसते. तिला लिहिता येत नाही. पान कोण भरणार? नोंदणी म्हटली की तालुक्याला खेटे, दिवसाची मजुरी बुडाली. पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडेल.

गिरणाकाठ: ताई, घरच्यांनी स्वतः ठेवलेल्या बाईला मी हातच लावत नाही. पैसे घेऊन माणूस पुरवतो त्याला धरा.

औषधवाला भुसावळ: नोंदणी बाजूला ठेवा, औषध पाजायला कुणी शिकवतं का ते बोला. फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध, त्याचं सस्पेन्शन म्हणजे बाटलीतलं पातळ औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता दिली की सुरुवातीला पातळच पोटात जातं आणि झटके वाढतात. संपत आली की तळचा घट्ट भाग जातो, पोरगं झोकांड्या खातं, बोबडं बोलतं. घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. आणि घरचा चमचा 5 मिलीचा असेलच असं नाही, सिरिंजने मोजा. व्हॅल्प्रोएट हेही झटक्यांवरचंच, त्याची सावकाश विरघळणारी गोळी, पाकिटावर सीआर लिहिलेली, ती कुटून भाकरीत कालवतात. मग कित्येक तासांचा डोस एकदम अंगात.

शहादेकर: कुटू नका म्हणणं सोपं आहे. पोरगं गोळी गिळतच नाही तर बाईने काय करायचं? डोस चुकवायचा?

औषधवाला भुसावळ: डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्यायचं. सिरपच्या दिवसातल्या वेळा बदलतात, ते मनाने ठरवायचं नाही. आता गिळण्याचं निघालंच आहे तर, आडवं निजवून भरवू नका. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, जेवण झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. गिळायला अडचण असलेल्यांना बहुतेकदा पातळच जास्त फसवतं. शेवभाजीचा पातळ रस्सा, पाणी, चहा यांनीच ठसका लागतो. त्यापेक्षा घट्ट वरणात मऊ कालवलेली भाकरी बरी.

सातपुड्याची लेक: मग मे महिन्याचंही लिहा. टोपिरामेट हे झटक्यांवरचं औषध चालू असलेल्या काहींना घाम कमी येतो. पारा 45 कडे गेला, वर पत्रा, वीज गेलेली. अंग तापलं की बाई थंडीताप समजून गोधडी घालते, तिथे ओल्या फडक्याने अंग पुसायला हवं आणि दवाखाना गाठायला हवा. हे शिकवायला हवं. नोंदणीच्या शिक्क्याने कळत नाही.

विशेष शिक्षिका: सगळे औषधात अडकलात! अंघोळ, कपडे, पॅड बदलणं, खरा धोका तिथे आहे. ज्याला बोलता येत नाही तो सांगणार कसं? 18 च्या आतलं मूल असेल तर लैंगिक अत्याचार कळवणं पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. ब्यूरो गुपचूप माणूस बदलतो आणि तोच माणूस पुढच्या घरी पाठवतो. नोंदणी हवी ती यासाठी. काढलेला माणूस दुसऱ्या ब्यूरोला कळला पाहिजे.

शहादेकर: म्हणजे एका तक्रारीवर गरिबाचं पोट कायमचं बंद? थकलेला पगार मागितला म्हणून चोरीचा आळ घेणारी घरं तुम्हाला दिसत नाहीत का?

विशेष शिक्षिका: दिसतात. म्हणून चौकशी ब्यूरोने करायची नाही, बाहेरच्याने करायची, आणि काम करणाऱ्याचं म्हणणं लेखी घ्यायचं. एवढं मानते. पण त्या भीतीपोटी नोंदच नको हे मी ऐकून घेणार नाही.

सातपुड्याची लेक: ब्यूरोला नोंदणी, पाड्यावरच्या बाईला नाही, एवढंच असेल तर माझा विरोध मागे. मात्र ते पान चित्रांचं करा. सूर्य उगवताना एक सिरिंज, मावळताना एक, आणि बाटलीशेजारी ती हलवणारा हात.

औषधवाला भुसावळ: सिरिंजवर डोसाच्या रेघेला रंगीत चिकटपट्टी लावा. आकडा वाचावा लागत नाही. डोस बदलला की जुनी पट्टी त्याच दिवशी काढायची, हेही पानावर घाला.