घाटात गिअरबॉक्सचं ऑईल गळलं, आता बॉक्स खरंच गेला का?

घाटमाथा_पुणे

मंडळी जरा मदत हवीये. मागच्या रविवारी गुहागरहून पुण्याला येत होतो, अलोऱ्याच्या पुढे रस्त्यात पडलेल्या दगडावरून गाडी गेली, खालून जोरात ठक्क आवाज आला. उतरून वाकून बघितलं, काही दिसलं नाही, पाऊस होताच, म्हणून तसाच पुढे निघालो. कुंभार्ली घाट अर्धा चढलो आणि आरपीएम ४०००वर, गाडी मात्र पुढे सरकेना! खालून कुईं असा बारीक आवाज. मागे एसटी, बाजूला घ्यायला जागा नाही, मग रडतखडत अजून ५-६ किलोमीटर रेटली आणि माथ्यावर थांबवली. खाली लाल तेलाचं थारोळं.

पाटणहून एक मेकॅनिक बोलावला, त्याने गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणाऱ्या कुलरचा फुटलेला पाईप कापून रबरी होज आणि क्लिपा लावल्या, जवळचं लाल ऑईल २ लिटर ओतलं (ब्रँड विचारायचं सुचलंच नाही) आणि कराडपर्यंत हळूहळू आणली. तिथून फ्लॅटबेडवर पुण्याला. आता गाडी चालते पण रिव्हर्स टाकला की २-३ सेकंद काही होत नाही आणि मग धक्का बसतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उगाच वर उडी मारतो. गार असताना बरी, गरम झाली की जास्त. ८२ हजार किलोमीटर झालेत, ६ गिअरची ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारी). वर्कशॉपवाल्यांनी चेंबर (गिअरबॉक्सच्या खालचा ऑईलचा ट्रे) सुद्धा न उघडता सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला, साडेतीन लाख. बायको म्हणते त्यापेक्षा गाडीच विकू. काय करू?

चाकोरीबाहेर

टॉर्क कन्व्हर्टर आहे हे लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर इथे अर्धे लोक एएमटीला पण ऑटोमॅटिक म्हणतात आणि त्याचे उपाय सांगत बसतात. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, फक्त क्लच-गिअर मशीन टाकतं, तिथे हे असं होत नाही. माझं मत, पूर्ण फ्लश मारून घ्या (मशीनने जुनं ऑईल ढकलून काढून नवं भरायचं), नवीन ऑईलने निम्मी लफडी सुटतात.

उद्यमनगर_मिस्त्री

फ्लशबिश काही करू नका आधी. मी कोल्हापुरात २० वर्षं गिअरबॉक्सच खोलायलोय, सांगतो ते क्रमाने करा.

भावा, आत जे होतं ते असं. ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटा ऑईलच्या प्रेशरने दाबल्या जातात. ऑईल कमी झालं की पंप हवा ओढतो, तो कुईं आवाज त्याचाच. हवा मिसळली की फेस, फेसाला प्रेशर येत नाही, प्लेटा अर्धवट दाबल्या जातात आणि घासत राहतात. चढावर तर चेंबरमधलं उरलंसुरलं ऑईल पण मागे सरकतं. तुम्ही ५-६ किलोमीटर घाटात रेटली, तिथेच जे जळायचं ते जळलं असणार. सपाटीवर गळलं असतं आणि लगेच बंद केली असती तर कदाचित काहीच झालं नसतं.

पहिलं काम लेव्हल. तुमच्या गाडीला डिपस्टिक नसणार, म्हणजे त्या पाटणच्या माणसाने अंदाजेच ओतलंय, त्याला तरी काय दोष द्यायचा, भर पावसात आला बिचारा. लेव्हल बघायची पद्धत अशी की गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवायचे, स्कॅनरवर ऑईलचं टेंपरेचर बघायचं आणि कंपनीने दिलंय तेवढं, बहुतेक ४०च्या आसपास, आलं की लेव्हलचा बोल्ट उघडायचा. धार संपून थेंब थेंब पडायला लागलं की लेव्हल बरोबर. काहीच पडलं नाही तर कमी आहे. लेव्हल न बघता गिअरबॉक्स गेला म्हणणारा माणूस मिस्त्री नाही, सेल्समन आहे.

मग चेंबर उतरवा. त्यातल्या कण पकडणाऱ्या मॅग्नेटवर करडी पेस्ट असेल तर घाबरू नका, ८० हजाराला ती असतेच. लोखंडाचे टोचणारे तुकडे असतील तर आतला कडक पार्ट तुटलाय, पिवळे चमचमणारे कण असतील तर बुश (शाफ्टभोवतीची पितळी रिंग) गेलाय. काळा गाळ आणि करपट वास म्हणजे प्लेटांचं अस्तर. आणि कुलर रेडिएटरच्या आत असेल तर रंग नक्की बघा, गुलाबी दुधासारखं दिसलं की पाणी मिसळलंय, मग प्लेटांचं अस्तरच सुटतं, मग वादच नाही.

आता तुमच्या लिहिण्यातला मुद्दा. सगळ्याच गिअरला घसरत असेल तर लेव्हल, फिल्टर, पंप. ठराविक गिअरला घसरत असेल तर ठराविक प्लेटा. तुम्ही रिव्हर्स आणि तिसरा लिहिलंय. बऱ्याच ६ स्पीडमध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालतात. आता गाडी गरम करून एक बघा, चौथ्यातून पाचव्यात जाताना पण आरपीएम उडतो का? आणि चौथा-सहावा नीट धरतात का?

घाटमाथा_पुणे

मिस्त्री, आत्ताच कात्रजपर्यंत जाऊन आलो. पाचव्याला पण होतंय! चौथा, सहावा एकदम मख्खन. तुम्ही गाडी न बघता कसं ओळखलंत?

पॉलिसीवाला_दादा

काही उघडायच्या आधी इन्शुरन्सला कळवलंत का? सर्व्हेअर येऊन बघून गेल्याशिवाय चेंबर उतरवू नका, फुटलेल्या पाईपचा तुकडा जपून ठेवा. साध्या पॉलिसीत दगडाने फुटलेला पाईप मिळतो, पण ऑईल गेल्यावर आत जे जळलं ते परिणामी नुकसान म्हणून नाकारतात. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन असेल तर त्यात बरेचदा गिअरबॉक्स पण येतो, पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा. फक्त गळतंय हे कळूनही गाडी चालवली असा मुद्दा ते काढणार, तेव्हा काय झालं ते जसंच्या तसं लिहून द्या, पाऊस होता, थांबायला जागा नव्हती वगैरे.

चाकोरीबाहेर

फ्लश का नको ते कळलं नाही. आणि तो स्टॉल टेस्ट म्हणतात तो घरी करता येईल ना?

उद्यमनगर_मिस्त्री

प्रेशरने फ्लश मारला की कोपऱ्यातला गाळ उठतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (कुठल्या क्लचला ऑईल द्यायचं ते ठरवणारा भाग) बारीक भोकांत जाऊन बसतो. आधीच जळकी प्लेट असेल तर दुसऱ्या दिवशी गाडी उभी. स्टॉल टेस्ट म्हणजे ब्रेक गच्च दाबून फुल ॲक्सिलरेटर, ५ सेकंदाच्या वर गेलं की ऑईल उकळतं, दुखऱ्या बॉक्सला तर कुणीच करू नये. त्यापेक्षा स्कॅनर लावा, पी०७३० किंवा त्याच्या आसपासचे रेशोचे कोड (म्हणजे गिअर घसरतोय ही कॉम्प्युटरची नोंद) आहेत का बघा आणि प्रेशर गेज लावून लाईन प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारं ऑईलचं मुख्य प्रेशर, मोजा. प्रेशर बरोबर आणि तरी घसरतंय म्हणजे प्लेट किंवा तिचं सील. प्रेशरच कमी म्हणजे पंपाकडे बघायचं.

घाटमाथा साहेब, त्यात काय जादू नाही हो, रिव्हर्स आणि तिसरा एकदम आजारी पडले की दुसरीकडे बघायचंच नाही.

घाटमाथा_पुणे

दहा दिवसांनी अपडेट. ॲड-ऑन होतं (एजंटने गळ्यात मारलं होतं म्हणून तेव्हा चिडलो होतो), सर्व्हेअर येऊन गेला. गाडी दुसऱ्या एका गिअरबॉक्सवाल्याकडे नेली. लेव्हल जवळपास १ लिटर कमी निघाली, भरल्यावर कुईं आवाज गेला पण तिसऱ्याचं आणि रिव्हर्सचं तसंच. मॅग्नेटवर करडी पेस्ट, तुकडे नाहीत, खाली काळा गाळ. लाईन प्रेशर ठीक. काल बॉक्स उतरवून खोलला, ३-५-रिव्हर्सच्या प्लेटा कोळसा, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. बाकीचे क्लच थोडे तपकिरी पण बरे. ओव्हरहॉल किट, सगळ्या प्लेटा आणि मजुरी धरून ९५ हजार सांगितलेत. करू ना?

उद्यमनगर_मिस्त्री

करा. खोललाच आहे तर सगळीच सीलं बदला, गरम झाल्यावर ती कडक सीलंच दगा देतात. कन्व्हर्टर कापून साफ करून घ्या, जळका गाळ तिथेच जमा असतो, आणि कुलर नवीन टाका, धुऊन पूर्ण निघत नाही. तो रबरी होज मात्र आठवणीने काढायला सांगा. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, फक्त लाल रंग बघून नाही. शेवटी स्कॅनरवरून जुनं लर्निंग (कॉम्प्युटरने प्लेटांच्या झिजेप्रमाणे लावून घेतलेला हिशोब) पुसून नवं करून घ्या, नाहीतर कॉम्प्युटर जुन्या जळक्या प्लेटांच्या हिशोबाने प्रेशर देत राहील आणि गाडी झटके मारेल, मग मला शिव्या घालाल.

घाटमाथा_पुणे

कन्व्हर्टरचा विषयच त्याने काढला नव्हता, आत्ता फोन करून सांगितलं तर म्हणाला ८ हजार वाढतील. वाढू देत म्हटलं.