डीपीआयपेक्षा आधी सेन्सर बघा
जुने फोटो स्कॅन करायला ४८०० डीपीआयवाला (डीपीआय म्हणजे दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) स्कॅनर घ्यावा की ९६००वाला, यावर बरीच चर्चा होते. कागदावरच्या फोटोंसाठी हा वाद निरर्थक आहे. ६०० डीपीआयला ४ बाय ६ इंची फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो; त्यापुढे बहुतेक प्रिंटमध्ये तपशीलच उरलेला नसतो, फुगते ती फक्त फाइल.

खरा फरक सेन्सरचा, म्हणजे स्कॅनरमधल्या चित्र टिपणाऱ्या भागाचा. कॅनन लाइडसारखे पातळ, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर सीआयएस प्रकारचे, म्हणजे सेन्सर काचेला अगदी लागून असलेले. काचेला चिकटून बसलेला फोटो ते छान टिपतात, पण कडा वळलेला किंवा अल्बमच्या पानावरून न निघणारा फोटो ठेवलात की काचेपासून वर राहिलेला भाग धूसर येतो. अशा फोटोंसाठी एप्सन व्ही६००सारखा सीसीडीवाला, म्हणजे आरसे आणि भिंगातून चित्र टिपणारा स्कॅनर बरा. धूड मोठं आहे, जागा खातं, पण झाकणातल्या दिव्यामुळे निगेटिव्हही स्कॅन होतात. आणि निगेटिव्ह सापडल्या तर प्रिंटच्या नादी लागूच नका, त्याच स्कॅन करा. मात्र त्यांना २४०० डीपीआय तरी हवंच. धूळ-ओरखडे आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय रंगीत फिल्मवर चालते, नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर नाही.

कागद ओढून घेणारा फीडर वेगवान असतो खरा, पण आजी-आजोबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो मी तरी त्यात घालणार नाही. वाळूचा एक कण अडकला तरी फोटोभर उभी रेघ!