मदत हवी आहे : नागपूरचा फुटबॉल क्लब पोराला सोडत नाही, पुण्याला जायचंय

त्रिमूर्तीनगर_बाबा
मुलाला पुण्याच्या एका क्लबनं बोलावलंय. ते म्हणतात आमची टीम नॅशनल लीग खेळते, रविवारपर्यंत काय ते सांगा. इथला क्लब सोडून नाही राहिला. आधी म्हणे लीग संपू द्या, आता पैसे मागून राहिले. कागद त्यांच्याकडेच आहेत. काय करावं? आणि नॅशनल लीग म्हणजे आय-लीगच ना? ज्याला पक्कं माहीत आहे त्यानंच सांगा, वेळ नाही.

कामठी_लेफ्टबॅक
पोराचं वय? सीआरएस झालंय का? कागद म्हणजे कोणते? पगाराचा करार आहे की नुसता फॉर्म भरला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ.

रेशीमबाग_१०
पैसे देऊन मोकळे व्हा. माझ्या भाच्याला असंच अडवून ठेवलं होतं, पोराचा अख्खा सीझन बाहेर बसून गेला. त्या वयात एक वर्ष फार मोठं असतं.

कामठी_लेफ्टबॅक
एक रुपया देऊ नका. आज एकानं दिले की उद्या दुसऱ्याच्या बापाकडे मागतात. कामठीत गल्लीगल्लीत पोरं खेळतात, बहुतेकांच्या घरी द्यायला काही नसतं. त्यांनी काय करायचं?

रेशीमबाग_१०
तत्त्वानं पोरगा मैदानात उतरत नाही. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

मोतीबाग_काका
पुण्याला पाठवूच नका. बारावी होऊ द्या. जिल्हा, विद्यापीठ, राज्य असं खेळला की स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत, पोलिसात जागा निघतात. मोतीबागच्या मैदानावर खेळून घर उभं केलेली माणसं मी ओळखतो. क्लब आज आहे, उद्या नाही.

त्रिमूर्तीनगर_बाबा
काका, नोकरीचं विचारलं नाही. मुलगा १७ चा आहे. सीआरएस काय असतं? क्लबनं आधार आणि जन्मदाखला घेतला होता, एका फॉर्मवर सही घेतली. पगार वगैरे काही नाही, उलट फी आम्हीच भरतो.

वर्धारोड_वैदेही
दादा, हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, कारण सगळं यावरच आहे. सीआरएस म्हणजे एआयएफएफची, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाची, ऑनलाइन खेळाडू-नोंदणी. क्लबनं मुलाची नोंदणी केली असेल तर त्याचा एक आयडी असतो. तो आधी मागून घ्या. नसेल केली, तर तुम्हाला कोणी अडवूच शकत नाही.

नोंदणी असेल तर नवा क्लब त्याच सिस्टिमवर ट्रान्सफरची विनंती टाकतो आणि ती जुन्या क्लबकडे जाते. तुम्ही जन्मदाखल्याची फाइल धरून मागे फिरायची गरज नाही. विनंती पुण्यानं टाकायची आहे. त्यांनी टाकली का, हे विचारलंत?

पैशाचं सांगते. पगाराचा करार नाही म्हणजे मुलगा हौशी खेळाडू. करार तोडायची भरपाई करार असेल तरच येते. लहानपणापासून घडवल्याचा मोबदला, म्हणजे ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन, नियमात आहे, पण तो क्लबानं क्लबाला द्यायचा असतो. आईबापाकडून घ्यायचा नसतो. पैसे मागत असतील तर लेखी मागा, कशाचे ते लिहून द्या म्हणा.

कामठी_लेफ्टबॅक
ताईंनी बरोबर सांगितलं. आणि जिल्हा संघटनेकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. तिथून हललं नाही तर विफा, म्हणजे राज्य संघटना.

सदर_स्ट्रायकर
महाराष्ट्राच्या पोरांनी संतोष ट्रॉफीवर, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेवर, लक्ष ठेवावं. १९४१ पासून चालू आहे, राज्याची जर्सी मिळते. निवड चाचण्यांना विदर्भाची किती पोरं दिसतात? यावर कोणी बोलत नाही.

त्रिमूर्तीनगर_बाबा
संतोष ट्रॉफीचं नंतर बघू. नॅशनल लीगचं कोणी सांगेल का? आय-लीगच आहे ना?

वर्धारोड_वैदेही
'नॅशनल लीग' या नावाची स्पर्धा आज मोठ्यांच्या लीगच्या वर-खाली शिडीत नाही. नॅशनल फुटबॉल लीग १९९६ ला सुरू झाली, २००७ ला तिच्या जागी आय-लीग आली. मग २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, वेगळीच उभी राहिली. पुढे आयएसएल सगळ्यात वर गेली; २०२४-२५ ला तिच्या खाली आय-लीग, त्याखाली आय-लीग २, त्याखाली २०२३-२४ पासून आय-लीग ३. आय-लीग ३ साठी राज्य संघटना आपल्या लीगमधून क्लब सुचवायची. त्याखाली राज्याच्या आणि जिल्ह्याच्या लीग. आपले नागपूरचे क्लब त्या तळाच्या पायरीवर खेळतात.

पुण्याचा आयएसएल क्लब २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. म्हणून विचारते, यांची टीम यातल्या कोणत्या पायरीवर आहे?

रेशीमबाग_१०
शिडी कसली? २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून कोणी खाली गेलेलं नाही. खाली जायची भीती नाही तिथे वरच्यांना फरक काय पडतो?

वर्धारोड_वैदेही
खालून वर जाणं सुरू झालंय हे तरी मान्य कराल? २०२२-२३ ची आय-लीग पंजाबच्या क्लबनं जिंकली आणि ते आयएसएलमध्ये गेले, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन क्लब. आधी हे नव्हतं. २०१७ ला बंगळुरूचा क्लब आला तो बोली लावून.

रेशीमबाग_१०
आणि २०२४-२५ ला? आय-लीगचा विजेता कोण हे स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानं ठरवलं, चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी. मैदानावर सीझन एप्रिलमध्येच संपून महिने झाले होते. अशा कारभारात नागपूरच्या क्लबनं कोणत्या भरवशावर पैसा लावायचा? म्हणून म्हणतो, पोरगा बाहेर जाऊन राहिला तर जाऊ द्या.

सदर_स्ट्रायकर
इंटर काशीच्या बाजूनं निकाल लागला तो योग्यच होता. एखाद्या संघानं नियम मोडून खेळाडू उतरवला तर गुण जाणारच.

रेशीमबाग_१०
मग तो निकाल एप्रिलमध्येच का नाही लागला?

कामठी_लेफ्टबॅक
यासाठी वेगळा धागा काढा राजेहो. भाऊ, पुणेवाल्यांना विचारलं का?

त्रिमूर्तीनगर_बाबा
फोन केला. आता म्हणतात अंडर-१७ यूथ लीग. आय-लीगचं 'पुढे' म्हणतात. राहण्या-जेवणाचे महिन्याचे पैसे आम्हीच द्यायचे. ट्रान्सफरची विनंती अजून टाकली नाही, आधी तुम्ही इथल्या क्लबचं सोडल्याचं पत्र आणा म्हणे. तीन वर्षांच्या कागदावर सही मागून राहिले.

वर्धारोड_वैदेही
मग रविवारची घाई सोडा. यूथ लीग ही अकॅडमींची स्पर्धा आहे, वाईट मुळीच नाही, चांगल्या टीमांशी खेळायला मिळतं. पण ती या शिडीतली पायरी नाही. ती जिंकून क्लब आय-लीगमध्ये जात नाही.

सही करण्याआधी तीन वर्षांचा कागद कशाचा ते बघा. १८ च्या आतल्या खेळाडूशी फिफाच्या नियमानं तीन वर्षांपेक्षा जास्त व्यावसायिक करार करता येत नाही, म्हणजे ते कमाल मुदत मागताहेत. व्यावसायिक करार असेल तर पगार लिहिलेला हवा. इथे तर पैसे तुम्ही देणार! बिनपगारी कागदावर तीन वर्षं बांधून घेऊ नका.

आणि १७ चा म्हणजे नेमकं जन्मवर्ष कोणतं? वयोगट वाढदिवसावर नाही, एक जानेवारीच्या तारखेवर धरतात. मुलगा त्या गटात बसतो का, हे त्यांनी तपासलंय?

मोतीबाग_काका
मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, बारावी होऊ द्या.

त्रिमूर्तीनगर_बाबा
जन्मवर्ष त्यांनी विचारलंच नाही. उद्या सकाळी इथल्या क्लबकडे आयडी मागतो आणि पैशाचं लेखी मागतो. अर्ज मराठीत चालतो की इंग्रजीत लागतो?

कामठी_लेफ्टबॅक
मराठीत चालतो. दोन प्रती न्या, एकीवर तारीख आणि शिक्का घ्या.