सल्ला हवा: कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातला कृष्णवर्णीयांचा जुना इतिहास, आईबाबांना काय दाखवू?

अनुजा_हॅलिफॅक्स: ऑगस्टमध्ये आईबाबा पुण्याहून येताहेत. १७८३ साली न्यूयॉर्कहून इथे आलेल्या ब्लॅक लॉयलिस्टांबद्दल (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने राहिलेले कृष्णवर्णीय) बाबांनी बरंच वाचलंय, शेलबर्न गावाजवळची त्यांची वस्ती बर्चटाउन बघायचीच म्हणतात. दोन दिवस, ३०० डॉलर, गाडी घरचीच. आईचे गुडघे दुखतात. आणखी काय बघावं?

भटक्या_काका: शेलबर्नला समुद्राकाठी दोन रात्री राहा. आम्हाला ७०० पडले, पण पैसे वसूल!

मंदार७९: बर्चटाउनला खड्डा खणून वर उतरतं छप्पर घातलेल्या घराची प्रतिकृती आहे, ती चुकवू नका. पहिला हिवाळा कित्येकांनी तसल्या खड्ड्यांत काढला. ब्रिटिशांनी जमिनीचा शब्द दिला होता. बहुतेकांना ती मिळालीच नाही, मिळाली ती खडकाळ.

सुखदा: लुईबर्गचा जुना फ्रेंच किल्ला! फ्रेंच अमलात तिथे गुलाम होते. मारी मार्गरीट रोझ १७५५ मध्ये मुक्त झाली आणि तिने स्वतःची खाणावळ काढली.

मंदार७९: सुखदाताई, ते हॅलिफॅक्सहून चारशे किलोमीटरच्या वर आहे. दोन दिवसांत काकूंचे गुडघे?

सुखदा: माझ्या सासूबाई ७४ व्या वर्षी आल्या होत्या.

प्रसाद_टोरांटो: इथे गुलामगिरी फ्रेंचांची. इंग्रजांबरोबर आलेले सगळे स्वतंत्रच होते.

रेवती: साफ चूक. गोऱ्या लॉयलिस्टांनी आपले गुलाम सोबत आणले, कागदावर 'नोकर' लिहून. आणि स्वतंत्र होते त्यांचं काय झालं? कमी मजुरीत राबतात म्हणून १७८४ च्या जुलैत गोऱ्या माजी सैनिकांनी शेलबर्नमध्ये त्यांची घरं पाडली. अनुजा, गावातच आफ्रिकव्हिल आहे, तेही बघ. १९६० च्या दशकात पाडलेल्या या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या चर्चची प्रतिकृती आहे तिथे.

प्रसाद_टोरांटो: आफ्रिकव्हिल एकोणिसाव्या शतकातलं, ते 'जुनं' कसं?

नंदू: बर्चटाउनच. आम्ही हिवाळ्यात गेलो आणि दार बंद! वेळा आधी बघा.

अनुजा_हॅलिफॅक्स: सगळ्यांचे आभार. मुक्काम नाही, लुईबर्ग नाही. रेवती, आफ्रिकव्हिल पुढच्या खेपेला नक्की. एक दिवस बर्चटाउन, जाऊन-येऊन. दुसऱ्या दिवशी फक्त हॅलिफॅक्सचा धक्का, बाबांचा हट्ट. १७९२ च्या जानेवारीत पंधरा जहाजांतून जवळजवळ १,२०० ब्लॅक लॉयलिस्ट इथून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला निघून गेले. त्यांत बोस्टन किंग नावाचा सुतार होता. आधी इथे असताना, दुष्काळात, त्याने एका कप्तानाने सांगितलेली पेटी रात्रभर खपून केली आणि तीन फूट बर्फातून शेलबर्नला नेली. कप्तानाने ती नाकारली. घरी येऊन त्याने दुसरी केली, तेव्हा कुठे मका मिळाला. बाबांनी हे वहीत उतरवून ठेवलंय, धक्क्यावर आईला वाचून दाखवणार आहेत.