आधी चढायचं की शेवटी? पोरंबाळं, स्वस्तातलं विमान आणि आपण (अनुभव धागा)

मंडळी, येत्या रविवारी गोव्याच्या मोपा विमानतळावरून निघायचंय, दिल्लीला नणंदेकडे, मोठी साडेचार वर्षांची आणि धाकटा नऊ महिन्यांचा. गेल्या वेळचा अनुभव इतका ताजा आहे की आत्तापासूनच पोटात गोळा आलाय, म्हणून हा धागा. आधी माझंच सांगते.

गेटवर अनाउन्समेंट झाली की लहान मुलं असलेल्यांनी पुढे या. आपण कोकणातली माणसं, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत मोठी झालेली, पुढे या म्हटल्यावर थांबतोय कशाला! गेलो तरातरा. तर पुढे विमान नव्हतंच, बस होती. पहिले आम्ही चढलो ते आत सरकत सरकत पार पलीकडच्या टोकाला, आणि बस काही भरल्याशिवाय हलेना. एप्रिल महिना, दुपारचे दोन, धाकटा छातीशी बांधलेला, तो घामाने निथळतोय आणि मी पण, मोठी दांडा धरून उभी आणि दर मिनिटाला "आई विमान कुठाय". पंधरा मिनिटं तरी गेली असतील. शेवटी एकदाची बस विमानापाशी लागली तर दार उघडलं चढलो होतो त्याच बाजूचं. म्हणजे जे शेवटी चढले ते पहिले उतरले आणि आम्ही सगळ्यांच्या मागे शिडीच्या रांगेत. वर जाऊन बघते तर आमच्या डोक्यावरचं कपाट दुसऱ्यांच्या बॅगांनी गच्च, आणि डायपरची पिशवी नवऱ्याने नेऊन ठेवली आठ रांगा मागे. पुढचं काय झालं असेल ते आईलोकांना सांगायला नको.

तर प्रश्न साधा आहे. पोरं घेऊन आधी चढायचं की शेवटी? आणि बाकी जे काय आठवेल ते लिहा, चांगलं-वाईट सगळं. भांडू नका फक्त.

देवगडचा बाबा, एक मुलगी

शेवटी. शंभर टक्के शेवटी. चार-साडेचार वर्षांचं पोर विमानात बसलं की त्याच्यासाठी प्रवास सुरू झाला, मग विमान हलो न हलो. आधी चढलात की तो अर्धा तास तुम्ही फुकटचा ओढवून घेतलात. मी एकटा बॅगा घेऊन आधी जातो, बायको मुलीला गेटपाशी पळू देते जेवढं पळायचंय तेवढं, आणि शेवटच्या दहा जणांत येते. फक्त गेट सुटायच्या 25 मिनिटं आधी बंद होतं हे डोक्यात ठेवा, विमान आपल्यासाठी थांबत नाही, एस.टी.वाला ओळखीचा असला तर थांबतो तरी.

दुसरा अनुभव 2022 चा. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून खूष होतो, सीट निवडायचे वेगळे पैसे मागत होते ते दिले नाहीत, म्हटलं एका तिकिटावर तिघं आहोत, एकत्रच देतील की. दिल्या तीन वेगवेगळ्या रांगेत! चार वर्षांची पोरगी दोन परक्या माणसांच्या मधे. एअर होस्टेसला सांगितलं तर ती म्हणे तुम्हीच कोणाशी तरी अदलाबदल करून घ्या. शेवटी तिच्या बाजूचे काका स्वतःच उठले, खिडकी सोडून माझ्या मधल्या सीटवर गेले बिचारे. आता एप्रिल 2024 पासून डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, कंपन्यांना सांगितलंय की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा बाबांपैकी एकाच्या तरी शेजारी बसवायचं. काउंटरवर काचकूच केली तर हे बोलून दाखवा. आणि हो, सगळ्यांचं तिकीट एकत्र काढा, पीएनआर वेगळे झाले की संपलं.

मालवणची सून

चढायचं नंतर बघू, आधी चेक-इनमधून सुटा! आमच्या सासूबाई पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या, माझं बाळ सात महिन्यांचं. त्यांनी लेकीकडे न्यायला म्हणून दोन बाटल्या कोकम आगळ, कुळथाचं पीठ, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, दोन किलो तरी असतील, सगळं माझ्या मोठ्या बॅगेत तळाशी घातलेलं, मला पत्ताच नाही. बॅग आत गेली, आम्ही सिक्युरिटीच्या रांगेत लागलो आणि माझ्या नावाचा पुकारा. बाळ कडेवर, परत उलटी गेले. सुकं खोबरं चालत नाही म्हणे, तेल असतं ना त्यात भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात बंदी. मला पण तेव्हाच कळलं. सासूबाई त्या माणसाला म्हणतात, "अरे झिला, तां खोबरां आसा, बाँब न्हय!"

विमानतळावर तो एक शब्द काढायचा नसतो हो. माझे हातपाय गार. नशीब तो माणूस कणकवलीचा निघाला, हसला आणि म्हणाला, "आये, ह्या परत बोला नको." खोबरं सोडायला आलेल्या दिरांकडे परत गेलं. आगळ मात्र चेक-इनमधून आरामात गेलं, नीट बांधलेलं होतं. केबिनमध्ये ते चाललं नसतं.

बाळाच्या खाण्याला काही अडचण आली नाही. गरम पाण्याचा थर्मास, नाचणी सत्त्व, भाताची पेज डब्यात, सगळं ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवलं आणि बाळाचं आहे म्हणून सांगितलं, त्यांनी उघडून बघितलं, सोडलं. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकली की परत पुकारा.

रत्नागिरी, आता मुलगा तीन वर्षांचा

हे सगळ्यांनी वाचा. दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर, त्याचं तिकीट थोडक्यात होतं, बरोबर? आम्ही जाताना मुलगा एक वर्ष अकरा महिन्यांचा. परतीच्या आधी चार दिवस त्याचा दुसरा वाढदिवस, तोच साजरा करायला गेलो होतो आजोळी. परतीला काउंटरवर जन्माचा दाखला बघितला आणि म्हणाले हा आता इन्फंट नाही, सीट घ्यावी लागेल. आयत्या वेळचा दर! त्यात मांडीवरच्यापेक्षा इतके पैसे गेले की वाढदिवसाचा केक त्याच्यापुढे फुकटच. चूक आमचीच, निघायच्या दिवसाचं नाही, प्रत्येक प्रवासाच्या त्या त्या दिवसाचं वय धरतात. आपल्या डोक्यात रेल्वे बसलेली असते ना, तिथे पाच वर्षांखालचं पोर वेगळा बर्थ नको असेल तर फुकट, एस.टी.त पण पाचनंतर अर्धं तिकीट. विमानात दोन संपली की जवळजवळ मोठ्या माणसाएवढंच.

जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स कायम पर्समध्ये ठेवा. बाळ बघून वय कळतं असं आपल्याला वाटतं, काउंटरला वाटत नाही.

सावंतवाडी–पुणे करणारी

आम्ही सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून पुण्याला जातो ते छोट्या पंख्याच्या विमानाने, एटीआर. तिथे तुमचा प्रश्नच वेगळा होतो. प्रवाशांचं दार मागच्या बाजूला, चार-पाच पायऱ्या, त्या पण विमानाच्या दारालाच जोडलेल्या. म्हणजे मागच्या सीटवाल्याला चढायला-उतरायला सगळ्यात सोपं. मोठ्या विमानाच्या सवयीने आम्ही पुढच्या रांगा घेतल्या आणि पोराला घेऊन त्या अरुंद वाटेतून पार पुढपर्यंत गेलो, उतरताना परत तेच, सगळे उतरल्यावर. आता कायम मागे. डोक्यावरची कपाटं पण बारकी, मोठी कॅबिन ट्रॉली बसत नाही, शिडीपाशीच काढून घेतात आणि उतरल्यावर देतात, तेव्हा दूध, डायपर, एक झबलं हे सगळं खांद्याच्या पिशवीत हवं, ट्रॉलीत नको.

पंख्यांचा आवाज मोठा असतो. माझा मुलगा घाबरेल वाटलं, तो तर त्या घरघरीत दहा मिनिटांत झोपला, आणि मी कानात कापूस घालून बसले.

कानांचं पण सांगते. वर चढतानापेक्षा उतरताना जास्त दुखतं, आणि उतरणं सुरू होतं ते जमिनीला लागायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच. मी पहिल्यांदा टेकऑफलाच सगळं दूध पाजून टाकलं आणि उतरताना बाटली रिकामी! अंगावर पाजत असाल तर प्रश्न नाही, नाहीतर अर्धं राखून ठेवा. मोठ्या पोरांना चघळायला लिमलेटची गोळी. सर्दी भरलेली असेल तर डॉक्टरना विचारूनच निघा.

वेंगुर्ला, जुळ्यांची आई

एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ. मी एकटी दोघींना घेऊन निघणार होते, तिकीटच होईना. आईला बरोबर घेतलं, तरी आम्हाला शेजारी बसवेनात, कारण वरून पडणारे ऑक्सिजनचे मास्क सीटपेक्षा एखादाच जास्त असतो, म्हणून एका बाजूच्या तीन सीटमध्ये एकच मांडीवरचं बाळ. मग एक वाटेच्या ह्या बाजूला, एक त्या बाजूला. एक रडली की दुसरी तिच्याकडे बघून रडायची. मधल्या वाटेतून दुपटी, खुळखुळे, बिस्किटं ह्यांची देवाणघेवाण चाललेली, तेवढ्यात चहाची गाडी आली. बस, एवढंच आठवतं.

चढायचं आधीच. दोन बाळांना शेवटी चढवून बघा एकदा.

कुडाळ, मुलं नाहीत

रागावू नका, पण दुसरी बाजू पण येऊ दे. रडण्याचं काही नाही, बाळ आहे, रडणारच. पण पाठीमागून दीड तास सीटला लाथा आणि आईवडील मोबाईलमध्ये, ह्याला काय म्हणायचं? मी मागे वळून बघितलं तर बाई म्हणते "लहान आहे हो". सात वर्षांचा होता!

देवगडचा बाबा

सात वर्षांचा असेल तर तुमचं बरोबर आहे. साडेतीनपर्यंत आमचं.

दोडामार्ग, दोन मुलगे

बाबागाडीबद्दल कोणीच लिहिलं नाही. विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथे टॅग लावून घेतात. ऐकायला छान वाटतं. पण बसने जायचं असेल तर ती दुमडून एका हातात, बाळ दुसऱ्या हातात, आणि बस वळली की धरायला तिसरा हात नाही. उतरल्यावर शिडीखाली देतील म्हणून वाट बघत उभे राहिलो, तर ती गेली सामानाच्या पट्ट्यावर. तिथे आली ती एक चाक मोडून. तक्रार लिहून द्या म्हणाले, दिली, चार महिने झाले. आता मी बायकोची जुनी ओढणी झोळीसारखी बांधतो आणि बाळ पोटाशी. लोक बघतात. बघू देत.

आणि गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून जाणाऱ्यांनो, तो नौदलाचा तळ आहे. शिडीखाली पोरांना उभं करून फोटोबिटो काढत बसू नका, मला ओरडा पडलाय.

चिपीला उतरलेले आजोबा

आमचा नातू पाच वर्षांचा. चिपीला विमानातून उतरून चालतच इमारतीत जायचं, बसची भानगड नाही. पावसाळ्याचे दिवस, नुकती एक सर येऊन गेलेली, सगळीकडे जांभा धुतलेला लालबुंद. नातू मधेच थांबला. मागे सगळी रांग थांबली. ह्याने खाली बसून चप्पल काढली आणि डबक्यात पाय घातला. तिथला कर्मचारी धावत आला, मी म्हटलं आता ओरडणार, तर त्याने पोराला उचललं आणि थेट दारापर्यंत नेऊन ठेवलं, एक चप्पल माझ्या हातात, दुसरी त्या गर्दीत कुठे गेली ती मिळालीच नाही. ते लेकरू गावच्या घरी अनवाणीच पोचलं. आजीला फार आवडलं ते.

तुमच्या प्रश्नाबद्दल: आम्ही म्हातारी माणसं आधीच चढतो. गुडघे ऐकत नाहीत.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आमचं असं ठरलंय: बस आहे की रॅम्प, म्हणजे थेट चालत विमानात, ते गेटवरच विचारायचं. रॅम्प असेल तर आधी. बस असेल तर नवरा बॅगा घेऊन पुढे आणि मी पोरांना घेऊन शेवटच्या बसमध्ये, दाराशीच उभी. बाबागाडी घरीच. अर्धी बाटली उतरतानासाठी राखून.

मालवणच्या ताई, तुमचं वाचून आत्ता उठून मोठी बॅग उघडली. तळाशी, माझ्या साड्यांच्या घडीत, वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं. सासूबाई म्हणतात, "अगो, थोडासाच आसा."