वॉलमार्टमुळे बंदुकीच्या गोळ्या महागल्या? काहीही!

मिशिगनचा बंड्या
गप्पांच्या धाग्यावर ह्यूस्टनकरांनी ठोकून दिलंय: "२०१९ मध्ये वॉलमार्टने पिस्तुलाच्या गोळ्या बंद केल्या आणि अमेरिकेत भाव तिप्पट झाले. कंपनीच्या सोवळेपणाचा भुर्दंड गिऱ्हाइकाला." तिथे चार ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून हा धागा.

टेक्सासातल्या एल पासोच्या गोळीबारानंतर (तोही वॉलमार्टमध्येच झालेला) सप्टेंबर २०१९ मध्ये तो निर्णय आला. गोळ्यांच्या बाजारातला आपला वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ६ ते ९ वर येईल, असं कंपनीनेच सांगितलं होतं. मग भाव लगेच भडकायला हवे होते ना? त्याच वर्षीच्या थँक्सगिव्हिंग सेलमध्ये मी पिस्तुलाची ९ एमएमची गोळी २० सेंटच्या आत घेतली आहे. गिऱ्हाईक ऑनलाइन गेलं, अकॅडमी, बास प्रो असल्या खेळ-शिकारीच्या सामानाच्या दुकानांत गेलं.

भडका उडाला मार्च २०२० नंतर. कोविड, दंगली, वर निवडणूक. त्या वर्षी एनआयसीएसच्या तपासण्या (बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची होणारी फेडरल चौकशी) ३ कोटी ९० लाखांच्या वर गेल्या आणि बंदुका-गोळ्या बनवणाऱ्या रेमिंग्टनने दुसऱ्यांदा दिवाळं काढलं. २०१३ आठवा: तेव्हा वॉलमार्ट सगळ्या गोळ्या विकत होतं, तरी .२२ च्या छोट्या गोळ्यांसाठी लोक पहाटे रांगा लावायचे आणि माणशी तीनच खोकी मिळायची. माल खातो तो घबराटीचा बाजार.

ह्यूस्टनकर
बंड्याशेठ, तुमच्या डेट्रॉइटजवळ पाच मैलांत चार दुकानं. मी तेव्हा पश्चिम टेक्सासात होतो. पन्नास मैलांत एक वॉलमार्ट आणि एका खडूस म्हाताऱ्याचं दुकान. वॉलमार्टने हात काढल्यावर त्याच म्हाताऱ्याने खोक्यामागे पाच डॉलर चढवले. २०२० उजाडायच्या आधी! सरासरी तुमच्यापाशीच ठेवा. आणि खेळाचं सामान विकणाऱ्या डिक्सने २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ५० लाख डॉलरच्या रायफली भंगारात काढल्या, तेही बाजारासाठी चांगलंच झालं म्हणा आता.

पेनचा पेनसिल्व्हेनियात
खडूस म्हाताऱ्यांची बाजू कोणी घेणार आहे का? माझ्या मित्राचं दुकान आहे. त्याला घाऊक व्यापाऱ्याकडून शॉटगन ज्या भावात पडते, त्याहून स्वस्तात ती वॉलमार्टच्या काउंटरवर दिसते. ते थेट कारखान्यातून ट्रक भरून उचलतात, हा तीन नग मागवतो. वॉलमार्टने १९९३ मध्ये पिस्तुलं सोडली (अलास्का वगळता) आणि २०१५ मध्ये एआर-१५ सारख्या रायफली, म्हणून असली दुकानं तगली. खरी कमाई पिस्तुलं, जुन्या बंदुका आणि ट्रान्सफर फीवर (ऑनलाइन घेतलेली बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचं शुल्क). मोठी दुकानं विकतात तेव्हा लहान मरतो, सोडतात तेव्हा जगतो. गिऱ्हाइकाचे पाच डॉलर गेले तर गेले.

ओहायोचा नवखा
मध्येच विचारतो, रागावू नका. मी एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे. सेलमध्ये एक स्वस्त शॉटगन दिसली. घेता येते का?

वसुधा एनजे
अरे बाबा, ग्रीन कार्डची रांग काय कमी आहे का! नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे.

पेनचा पेनसिल्व्हेनियात
वसुधाताई, अर्धवट सांगू नका. शिकारीचं चालू लायसन असेल तर सूट आहे. माझ्या भाच्याने तसंच घेतलं.

वसुधा एनजे
आणि लायसनची मुदत संपली की? बंदूक कपाटात, भाचा गुन्हेगार! नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, त्यात ही नसती बिलामत. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालवली तरी तो ताबाच धरतात.

ह्यूस्टनकर
ताई, तुम्ही न्यू जर्सीवाल्या, तुम्हाला सुरीचीही भीती.

वसुधा एनजे
माझ्या मुलीच्या शाळेत बालवाडीपासून लॉकडाउन ड्रिल होते, म्हणजे बंदूकधारी शिरला तर लपायचा सराव. तिला दाराआड गप्प बसायला शिकवतात. भीतीबद्दल मला शिकवू नका. दोन-पाच डॉलरसाठी रडताय, लाज वाटू द्या.

सावंतवाडीचो
आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. दर निवडणुकीला चौकीत जमा करायची. त्या दिवसांत रानडुकरांची चंगळ! तुमचं भांडण वाचून करमणूक झाली. चालू द्या.

ओहायोचा नवखा
म्हणजे घेऊ की नको?

वसुधा एनजे
नको!

पेनचा पेनसिल्व्हेनियात
आधी वकिलाला विचार. फुकटचा सल्ला इथे भरपूर मिळेल.

मिशिगनचा बंड्या
धागा कुठल्या कुठे गेला. दुकानांनी भाव वाढवलेले चालत नाहीत, पण लांब बंदुका आणि गोळ्यांवर ११ टक्के फेडरल कर आहे. त्यावर जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाने आणखी ११ टक्के लावले. यावर ह्यूस्टनकर गप्प कसे?

ह्यूस्टनकर
कारण मी कॅलिफोर्नियात राहत नाही, देवाची कृपा. बरं, २०२० चा भडका वॉलमार्टच्या खात्यातून काढला, व्हा खूश. पण एकच दुकान असलेल्या गावाचं काय, ते तुम्ही सोयीस्कर गिळलंत.

मिशिगनचा बंड्या
गिळलं नाही. 'अमेरिकेत भाव तिप्पट'च्या जागी 'माझ्या गावात पाच डॉलर' लिहा, लगेच +१ देतो.

ह्यूस्टनकर
तुमच्या +१ वर गोळ्या मिळतात का कुठे?