ऊसतोडवाल्यांच्या लेकरांसाठी चर्चच्या मंडळीची आठ दिवसांची मिशन ट्रिप, जावं का आणि काय न्यावं? सल्ला हवाय

गोदाकाठची_नर्स
नमस्कार सगळ्यांना. मी जालन्याची, बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मंडळीच्या तरुण संघाची नाताळ झाल्यावर आठ दिवसांची मिशन ट्रिप ठरलीय, घनसावंगीकडं ऊसतोडवाल्यांच्या कोप्या (झोपड्या) पडल्यात तिथं. सकाळी लेकरांची गाणी, खेळ, बायबलच्या गोष्टी, दुपारी थोडा अभ्यास आणि एक दिवस आरोग्य तपासणी. मुक्काम जवळच्या गावात चर्चच्या हॉलमध्ये. लेकरं बहुतेक बीडकडची, धारूर वडवणी केज. माणशी ६,५०० मागायलेत आणि माझ्याकडं सगळं धरून ४,००० आहेत, त्याच्यावर एक रुपया नाही, पप्पांना मागायचे नाहीत. जायचं तर मनापासून आहे पण नुसतं जाऊन आल्यासारखं व्हायला नको. आठ दिवसांत लेकरांना खरंच काही होतं का? आणि सामान काय न्यावं?

भटकंती_संभाजीनगर
जानेवारीत गोदाकाठला थंडी बेकार असते, हॉलच्या फरशीवर झोपणार तर स्लीपिंग बॅग पाहिजेच. मी ३,२०० ची घेतली, हरिश्चंद्रगडावर पण तीच वापरली, आतापर्यंत एक टाका उसवला नाही. वर हेडलॅम्प आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक घे, कोप्यांवर लाईट नसते. हे तीन घेतलंस की बिनघोर.

गोदाकाठची_नर्स
दादा बजेट ४,००० आहे, त्यातच ट्रिपचे पैसे पण.

भटकंती_संभाजीनगर
मग दोन हजारवाली घे, पण घे.

पाटोद्याचा_पोरगा
मी कोयत्यावरचाच पोरगा आहे, आई बाप दोघं ऊस तोडायचे, आता मी शिक्षक आहे. आमच्या तळावर पण अशी माणसं यायची, गाणी म्हणायची, बिस्किटं द्यायची. मला लई आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण माझी मोठी बहीण त्या गाण्यांना कधीच गेली नाही. आई बाप पहाटे चारला फडात गेले की धाकटा तिच्या कडेवर, आणि टँकर आला की हंडे पण तिनंच भरायचे. ती लिंबाखाली उभी राहून लांबूनच बघायची, धाकट्याला थोपटत थोपटत ओठातल्या ओठात गाणं म्हणायची, आणि तो रडायला लागला की परत कोपीत. नऊ दहा वर्षांची होती तेव्हा. तुमच्या कार्यक्रमाला जी लेकरं येतील ती मोकळी असलेली. जी येत नाहीत तीच जास्त अडकलेली असतात, आणि त्या पोरीच असतात. तुम्ही दहा जण असाल तर त्यातल्या तिघांनी नुसती तान्ही लेकरं सांभाळा, सतरंजी टाकून, म्हणजे त्या पोरींना दोन तास बसता येईल. बाकी गाणी कोणती म्हणता ह्यानं काही फरक पडत नाही.
आणि कार्यक्रम संध्याकाळी ठेवू नका. बाया फडातून येतात, चूल पेटवायची असते, त्यात तुमचा माईक नको.

बेथेलकर
ताई, जालन्याची असून विचारायलीस? आपल्या मातीत हे काम दीडशे वर्षांपासून चालू आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते निजामाच्या राज्यात, निजामाचे दिवाण सालारजंगांनी जमीन दिली होती. ज्यांना गावात विहिरीवर येऊ देत नव्हते अशा माणसांना तिथं घरं मिळाली, त्यांच्या लेकरांना शाळा मिळाली. आमचे आजोबा पणजोबा त्याच शाळेतून शिकले म्हणून आज आम्ही नोकरीला आहोत. अवश्य जा. बायबलात मत्तय २५ मध्ये भुकेल्याला खायला देण्याचंच सांगितलंय.

माऊली_परतूर
सेवा करा, त्याला कोणाची ना नाही. पण आईबाप फडात असताना त्यांच्या लेकरांना प्रार्थना शिकवायची हे मला पटत नाही. आमची आई दरवर्षी वारीला जाते, उद्या मी शेतात असताना कोणी माझ्या लेकराला दुसरं काही शिकवलं तर मला चालणार नाही. वाईट वाटून घेऊ नका.

बेथेलकर
कोण जबरदस्ती करायलंय? गोष्ट सांगणं म्हणजे धर्म बदलणं नाही. आमच्या शाळांत सगळ्या जातीधर्माची पोरं शिकली, किती जण बाटले सांगा.

माऊली_परतूर
मी जबरदस्ती म्हणलोच नाही, विचारून करा एवढंच म्हणलो.

पाळकबाई
माऊलींचं बरोबर आहे आणि आम्ही तसंच करतो. आदल्या संध्याकाळी कोपी कोपीवर जाऊन आईला सांगायचं, आम्ही ख्रिस्ती मंडळीची माणसं आहोत, उद्या गाणी आणि येशूची गोष्ट आहे, पाठवायचं तर पाठवा. ज्यांना नको त्यांच्या लेकरांना खेळ आणि खाऊ तेवढाच मिळतो, त्यात कमीजास्त करायचं नाही. मुकादमाला आणि सरपंचाला आधी भेटायचं. पुन्हा सांगते, औषध किंवा खाऊ प्रार्थनेला बांधायचा नाही, ते प्रभूलाही आवडायचं नाही. फोटो आईबापाला विचारूनच.

हिशोबी_माणूस
जालना ते घनसावंगी एसटीनं कितीसं लांब आहे? महिलांना तर २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. हॉल चर्चचा, म्हणजे भाडं नाही. मग ६,५०० कशाचे? हिशोब मागा. आमच्याकडच्या एका ट्रिपमध्ये टी शर्ट, बॅनर आणि शेवटच्या दिवशीच्या जेवणावरच अर्धे पैसे गेले होते, लेकरांवर किती गेले ते विचारलं तर लोकांना राग आला. माझं मत सरळ आहे, तू जाऊ नको, ते ४,००० तिथल्या झेडपी शाळेच्या मास्तरला वह्यांसाठी दे.

शेंद्रा_एमआयडीसी
मी मागच्या वर्षी कंपनीतर्फे कपडे वाटायला गेलतो. गाठोडी भरून कपडे, त्यात झिप तुटलेले पार्टीचे फ्रॉक, लग्नातले ब्लेझर. बायांनी तोंडावर काही म्हणलं नाही, दुसऱ्या दिवशी ते फ्रॉक कोपीच्या फटीत वारा अडवायला कोंबलेले. जुने कपडे नेऊ नका. द्यायचंच तर नवीन स्वेटर आणि चप्पल, सगळ्यांना सारखं, नाहीतर भांडणं लागतात.

फडातला_शेतकरी
बूट घाला, चप्पल नको. ऊस तोडल्यावर खोडक्या राहतात त्या सरळ तळपायात घुसतात. आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं फिरू नका, आमच्या पैठण भागात बिबट्या दिसलेला आहे.

भटकंती_संभाजीनगर
बरोबर, बूट पाहिजेच. मी ट्रेकिंगचे घेतले २,८०० ला, खोडकी काय दगड पण लागत नाही.

अंगणवाडी_ताई_बीड
नर्सबाई, तुमच्यासाठी लिहिते, बाकीच्यांनी रागावू नये. ही लेकरं माझ्याच गावातून जातात. तुम्ही नर्सिंगच्या आहात तर गाण्यापेक्षा हे बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक लेकराच्या दंडाचा घेर पट्टीनं मोजा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर ते अतितीव्र कुपोषित, त्याला त्याच दिवशी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्यायचं, वाट बघायची नाही. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम, त्याचं नाव अंगणवाडीत द्यायचं. पायाला सूज असंल तर पट्टी काही दाखवो, दवाखान्यात न्या. दुसरं, लसीकरणाचं कार्ड मागा. गोवर रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो आणि नेमकं तेव्हा ते लेकरू फडात असतं, म्हणून राहतो. कार्ड कोपीत सापडत नाही, पेटीत तळाला असतं नाहीतर गावाकडं आजीजवळ. आजीला फोन लावायला लावा. आणि तिथल्या अंगणवाडीनं नाव घेऊन आहार दिलाच पाहिजे, बाहेरगावचं लेकरू म्हणून परत पाठवता येत नाही. स्थलांतराची नोंद असते ऑनलाईन.
पण माझं ऐकाल तर जानेवारीत जाऊच नका. दसऱ्याच्या आधी गावात या, माणसं निघायच्या आत, तेव्हा सगळी एका जागेवर असतात. नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहात या, आजी आजोबांजवळ राहिलेली लेकरं तिथं जेवतात, त्यांचा अभ्यास घ्यायला माणूस नसतो.

पाटोद्याचा_पोरगा
ताईंना दुजोरा. शाळेचं पण सांगतो, निघताना मूळ शाळा शिक्षण हमी कार्ड देते, ते दाखवलं की तळाजवळच्या शाळेत बसवायला पाहिजे. कार्ड नसलं, दाखला नसला तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं नाही म्हणता येत नाही. आठ दिवसांत चार पोरं जरी त्या शाळेत बसवली तरी मार्चपर्यंत त्यांच्या दुपारच्या जेवणाची सोय झाली.

बेथेलकर
आरोग्याचंच बोलायचं तर आपल्या मराठवाड्यातलं जामखेड बघा, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, १९७० ला सुरू केलं, गावातल्या न शिकलेल्या बायांना शिकवून आरोग्यसेविका केलं. १९७९ ला मॅगसेसे मिळालं. ख्रिस्ती सेवा म्हणजे ही.

हिशोबी_माणूस
जामखेड नगर जिल्ह्यात आहे.

बेथेलकर
बीडच्या शिवेला लागून आहे, आमच्याकडं सगळे तिकडंच जातात दवाखान्याला.

हिशोबी_माणूस
लागून असलं तरी मराठवाड्यात नाही येत. आता अहिल्यानगर म्हणा.

केडगावला_राहिलेली
जामखेड सोडा. मी कॉलेज झाल्यावर केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये काम केलंय आणि माझं म्हणणं पक्कं आहे, आठ दिवसांचं काम करायचंच नाही. लेकरू तिसऱ्या दिवशी तुझा हात धरायला लागतं, आठव्या दिवशी तू जातेस, पुढच्या वर्षी दुसरी ताई. किमान महिनाभर राहा, एकाच ठिकाणी. आणि कुठंही गेलीस तरी टीमला विचार, सगळ्यांची पोलिस पडताळणी झालीय का. एकट्यानं कोणत्याही लेकराला खोलीत न्यायचं नाही, कायम दोघं पाहिजेत. लेकरानं काही वाईट सांगितलं तर आपण चौकशी करत बसायचं नाही, १०९८ ला, म्हणजे लेकरांच्या हेल्पलाईनला फोन. पोक्सोमध्ये, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, कळवणं बंधनकारक आहे, चर्चचे पाळक साहेब नंतर बघू म्हणाले तरी.

माऊली_परतूर
हे चांगलं सांगितलं. महिनाभर राहा.

शेंद्रा_एमआयडीसी
मी पण म्हणतो महिनाभर नाहीतर पैसे द्या. आणि जुने कपडे नको.

गोदाकाठची_नर्स
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. मी जातेय, आणि आठच दिवस जातेय. महिनाभराची सुट्टी मला कॉलेज देणार नाही, आणि दसऱ्याच्या आधी माझी परीक्षा होती, पुढच्या वर्षी काय होईल ते आत्ता सांगता येत नाही. पण जानेवारीत ती लेकरं माझ्या घरापासून दोन तासांवर असणार आहेत आणि मला दंड मोजता येतो, कार्ड वाचता येतं. महिना जमत नाही म्हणून हे आठ दिवस पण घरी बसून घालवायचे हे माझ्या मनाला पटत नाही. प्रार्थना करून ठरवलंय.

पाळक साहेबांकडं हिशोब मागितला, त्यांनी लगेच दाखवला. टी शर्ट, बॅनर आणि एक दिवसाची पैठणची सहल धरून ६,५०० होते. मी ते तिन्ही सोडले, एसटीनं येते म्हणलं, ३,१०० झाले. आरोग्य तपासणी शेवटच्या दिवशी होती ती पहिल्या दिवशी घ्यायला लावली, म्हणजे जे लेकरू कमी भरेल त्याच्यामागं सात दिवस फिरता येईल. तान्ह्या लेकरांची सतरंजी मी आणि माझी मैत्रीण सांभाळणार. पडताळणीचं विचारल्यावर दोघांची झालेली नव्हती, ते अर्ज आता गेलेत. कपडे कोणीच नेत नाही. स्लीपिंग बॅग नाही घेणार, आजीची वाकळ आहे. बूट कॉलेजचेच.

अंगणवाडी ताई, दंड मोजायची पट्टी कुठं मिळते? कॉलेजच्या लॅबमध्ये एकच आहे.

अंगणवाडी_ताई_बीड
जानेवारीत नको म्हणलं होतं पण आता ठरवलंच आहे तर नीट करा. पट्टी विकत घेऊ नका, तिथल्या पीएचसीत नाहीतर अंगणवाडीत मागा, असती त्यांच्याकडं. पहिल्या दिवशी तिथल्या ताईला सकाळी अकराच्या आत गाठा, नंतर ती आहार वाटपात असती. यादी तिच्या समोरच करा आणि एक प्रत तिच्याकडं ठेवून या, तुमच्याजवळ राहिलेली यादी कोणाच्याच कामाची नाही. आणि माझ्या गावची लेकरं निघाली त्यात तर मला इथंच कळवा, कार्डं मी आजीकडून काढून फोटो पाठवते.

भटकंती_संभाजीनगर
वाकळीनं थंडी भागणार नाही, खाली थर्माकोल तरी टाक.